रेकॉर्डिंगवरून लेख: भाड्याची एपीआय, की स्वतःचं मशिन?

सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य काढलेल्यांच्या मुलाखती अपलोड केल्या की एआयकडून लेखाचा मसुदा मिळावा, असं वेब ॲप बांधायचं ठरवत असाल, तर आधी एकच गोष्ट ठरवा: आवाजाचा मजकूर कुठे करायचा? लेख लिहिणारं मॉडेल पुढे कधीही बदलता येतं. मजकूर चुकला तर त्यावर बेतलेलं सगळंच चुकतं.

ओपनएआयचं व्हिस्पर हे बोलणं मजकुरात उतरवणारं मॉडेल दोन प्रकारे वापरता येतं: कंपनीच्या सर्व्हरवर एपीआयने (आपलं ॲप त्यांच्या सेवेला जोडणारी सोय), किंवा स्वतःच्या मशिनवर. २०२३ मध्ये त्याची एपीआय आली तेव्हा दर मिनिटाला ०.००६ डॉलर होता, म्हणजे तासाभराच्या मुलाखतीला ३६ सेंट. सर्व्हर सांभाळायची कटकट नाही, हा मोठा फायदा. अडचण २५ एमबीच्या फाइल मर्यादेची. ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट) तासाभराची एमपी३ जवळपास २९ एमबी भरते. एफएफएमपेग या मोफत साधनाने मोनो (एकाच चॅनलची) करून ३२ केबीपीएसवर आणली की साडेचौदात बसते.

दुसरा मार्ग म्हणजे तेच मॉडेल स्वतःच्या मशिनवर चालवणं. ते २०२२ पासून मुक्त परवान्यावर आहे. मोठ्या मॉडेलला सुमारे १० जीबीची ग्राफिक्स मेमरी लागते. फास्टर-व्हिस्पर या त्याच्या वेगवान आवृत्तीत ८ बिटचा (आकडे कमी जागेत साठवणारा) पर्याय निवडला तर बऱ्याच कमीत भागतं. मिनिटामागे बिल नाही, पण यंत्र घ्यायचं आणि फाइलींची रांग सांभाळायची ती तुम्हीच. तरीही कुणी मालकाशी झालेलं भांडण, थकलेली मजुरी, घरातलं दुखणं मोकळेपणाने सांगितलं असेल, तर ते रेकॉर्डिंग बाहेरच्या सर्व्हरवर पाठवू नये, असं मला मनापासून वाटतं.

सोलापूरची खरी परीक्षा मात्र भाषेची आहे. पद्मशाली या तेलुगू विणकर समाजातले आजोबा तेलुगूत सुरू होतात, मराठीत येतात, मध्येच कन्नड शब्द टाकतात. भाषा सांगितली नाही, तर व्हिस्पर पहिल्या ३० सेकंदांवरून ती ओळखतं आणि अख्ख्या फाइलला तीच लावतं. मराठी सक्तीने सांगितली, तर तेलुगू वाक्यांचा चुराडा होतो. म्हणून अशा फाइलचे भाषेनुसार तुकडे करा. माझ्या एका मुलाखतीत ‘धोटा’चा सगळीकडे ‘छोटा’ झाला होता. धोटा, कांडी, ताणा, भीम, जेकार्ड हे मागावरचे शब्द व्हिस्परला सूचनेत आधी दिल्यावर फरक पडला. ती सूचना २२४ टोकनांचीच (मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत मोजतं ते) असते आणि देवनागरी टोकन फार खाते. त्यामुळे मोजके शब्द निवडा. शांततेत व्हिस्पर न बोललेली वाक्यंही लिहून टाकतं. फास्टर-व्हिस्परमध्ये आवाज नसलेला भाग गाळायची सोय आहे, ती चालू ठेवा.

माझं मत: सुरुवातीच्या मुलाखती एपीआयवर करा, ॲप लोकांना उपयोगी पडतंय का ते पाहा. नाजूक रेकॉर्डिंग मात्र पहिल्या दिवसापासून घरच्या मशिनवर. पुढे मार्ग बदलता यावा म्हणून आवाजाचा मजकूर करणारा भाग सुटा लिहा. फाइल कामाच्या रांगेत टाका. ब्राउझरला ताटकळत ठेवलं तर लांब मुलाखतीत विनंती मध्येच तुटते.

लेख लिहिणाऱ्या मॉडेलला ‘मजकुरात नाही ते लिहू नकोस’ असं बजावावंच लागतं. एका आजींनी ‘मार्शल लॉच्या वेळी’ एवढंच म्हटलं होतं, मॉडेलने १९४२ जोडून दिलं. सोलापूरचा मार्शल लॉ १९३० चा. तेव्हापासून मी प्रत्येक परिच्छेदासोबत मूळ आवाजाची वेळ ठेवतो. त्या वेळेवर दाबलं की आजींचं तेच वाक्य ऐकू येतं.