पेनड्राइव्हमधला व्हायरस: स्कॅन की फॉरमॅट?

पेनड्राइव्ह उघडला की फोल्डरांच्या जागी शॉर्टकट, आणि पुसले तरी परत हजर! अशा वेळी साधं स्कॅन बरेचदा पुरत नाही, कारण विंडोजबरोबर व्हायरसही जागा असतो. डिफेंडरचं (विंडोजमधल्याच अँटीव्हायरसचं) ऑफलाइन स्कॅन विंडोज सुरू होण्याआधीच चालतं, साधारण १५ मिनिटं घेतं. मग पेनड्राइव्ह वेगळा स्कॅन करायचा. खऱ्या फायली बहुतेक वेळा नुसत्या लपवलेल्या असतात. 'अ‍ॅट्रिब' (attrib) या, कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करायच्या कमांडने त्या पुन्हा दिसतात.

फॉरमॅट झटपट होतं, पण फायली जातात. शिवाय कॉम्प्युटरच बाधित असेल तर पेनड्राइव्ह लावताक्षणी पुन्हा तेच रडगाणं. म्हणून मी आधी स्कॅनच करतो. तरीही शॉर्टकट उगवले, तर विंडोज नव्याने टाकतो, तेही दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून.