दारावरचा 'ताजा मध' : आमच्या सोसायटीत काय घडलं ते वाचा आणि घरच्यांनाही सांगा

आषाढातली दुपार होती, पाऊस जरा उघडला होता. आमच्या कऱ्हाडच्या सोसायटीत दोन माणसं बादली घेऊन आली. बादलीत मध, त्यावर मोहोळाचा हातभर तुकडा आणि त्याला चिकटलेल्या माशा. त्यातल्या एक-दोन तर अजून पंख हलवत होत्या. "मावशी, मागच्या टाकीवरचं पोळं आत्ताच उतरवलंय. कच्चा मध आहे, गरम केलेला नाही, दुकानात असला मिळायचा नाही." भाव सहाशे रुपये किलो सांगितला आणि चारशेवर आणला. सासूबाईंनी दोन किलो घेतला. तासाभरात बादली रिकामी झाली.

सासूबाई काही भोळ्या नाहीत. भाजीवाल्याचा काटा तपासून घेणारं माणूस ते. त्या माणसानं त्यांच्यासमोर तीन-तीन 'परीक्षा' करून दाखवल्या, म्हणून त्यांचा विश्वास बसला. या परीक्षा नीट समजून घ्या, सगळी मेख तिथेच आहे. पेलाभर पाण्यात थेंब सोडला, तो न विरघळता तळाशी गेला. काडेपेटीची काडी मधात बुडवून ओढली, ती पेटली. कागदावर थेंब ठेवला, तो पसरला नाही आणि कागद ओला झाला नाही. या तिन्हींतून एवढंच कळतं की पदार्थ घट्ट आहे आणि त्यात पाणी कमी आहे. साखरेचा किंवा गुळाचा पाक चांगला आटवला की तोही तळाशी जातो, त्यात बुडवलेली काडीही पेटते आणि कागदही कोरडा राहतो. विकणारा नेमक्या याच परीक्षा करतो, कारण त्यात त्याचा पाक नापास होऊच शकत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या 'अस्सल मध ओळखा' छापाच्या व्हिडिओंतही हेच दाखवतात. त्यांच्यावर विसंबू नका.

पैसे गेले त्याचं मला फार वाटत नाही. राग आहे तो त्यानं आरोग्याच्या नावाखाली जे सांगितलं त्याचा. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, मधुमेह आहे हे कळल्यावर म्हणाला, "कच्चा मध साखरवाल्यांना चालतो, उलट साखर उतरते. सकाळी कोमट पाण्यातून दोन चमचे द्या." अण्णांनी ते मनापासून सुरू केलं. पुढच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर चांगलीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी खाण्यात काय बदललं ते खोदून विचारलं, तेव्हा ही बाटली पुढे आली. शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या बाळालाही रोज मधाचं बोट चाटवायला सांगून गेला होता. नशीब, बालरोगतज्ज्ञांनी वेळेवर थांबवलं.

मी उरलेल्या मधाचा नमुना पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत दिला. फुलांच्या रसात सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, भरपूर असते. माशी आपल्या लाळेतल्या विकरानं तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, त्यामुळे पिकलेल्या मधात सुक्रोज फारच थोडं उरतं. आपल्याकडच्या नियमानुसार साधारणपणे ते ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. आमच्या नमुन्यात त्याच्या कितीतरी पट निघालं. थोडक्यात, तो साखरेचा पाक होता.

मग ते पोळं? ते खरं होतं. काकूंनी बादलीचा फोटो काढला होता, तो मी महाबळेश्वर भागातल्या एका ओळखीच्या मधपाळांना पाठवला. त्यांनी लगेच सांगितलं, "ताई, हे आग्या मोहोळाचं अंड्या-पिल्लांचं अंग आहे. मधाचा कांदा, म्हणजे मध साठवलेला भाग, वरच्या बाजूला असतो, त्याची घरं पांढुरक्या मेणानं झाकलेली असतात. इथे एकही झाकलेलं घर नाही, सगळी काळपट आणि रिकामी. आणि भर पावसात मध कुठला? आम्ही या दिवसांत पेटीतल्या माश्यांना साखरपाणी देऊन जगवतो." जुनं पोळं पाकात बुडवून तेच दारोदार फिरवत असणार.

आता मधाच्या गुणांविषयी. त्याबद्दल खोटं सांगितलं जातं म्हणून खरं टाकून द्यायचं कारण नाही. कोरड्या खोकल्यात एक वर्षावरच्या मुलाला रात्री चमचाभर मध दिला तर आराम पडतो, हे डॉक्टरही सांगतात. मधात जंतू सहसा वाढत नाहीत, कारण त्यात पाणी कमी आणि आम्लता जास्त असते. म्हणूनच काही रुग्णालयांत जखमेवर निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध वापरतात. घरच्या बाटलीतला मात्र जखमेवर लावू नका. आणि अस्सल असला तरी मधाचा सुमारे ८० टक्के भाग साखरच असतो. मधुमेही माणसाची साखर तो वाढवणारच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर कितीही शुद्ध मध असला तरी देऊ नका. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि उकळल्यानंही ते बीजाणू मरत नाहीत. बारशाच्या आधीपासून मध चाटवायची रीत घरोघरी आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

बंद बाटलीतला मध घेतला म्हणजे काळजी मिटली असंही नाही. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं १३ ब्रँड तपासले. त्यांपैकी १० एनएमआर चाचणीत, म्हणजे पाकाची भेसळ पकडणाऱ्या प्रगत प्रयोगशाळा-चाचणीत, नापास झाले होते. नेहमीच्या चाचण्यांतून निसटणारे पाकही बाजारात आहेत. तरी बाटलीवर उत्पादकाचा पत्ता, तुकडीचा क्रमांक आणि १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तक्रार करायला समोर कुणीतरी असतं. आम्ही आता मधपाळांकडून थेट घेतो. महाबळेश्वरजवळचं मांघर किंवा कोल्हापूर जिल्ह्यातलं पाटगाव ही 'मधाची गावं' त्यासाठी चांगली आहेत. थंडीत मध तळाशी रवाळ झाला तर घाबरून फेकू नका. त्यातल्या ग्लुकोजचे स्फटिक होतात, तो भेसळीचा पुरावा नाही.

त्याच दोघांनी शेजारच्या कॉलनीतही बादली विकली होती, हे नंतर कळलं. आम्ही अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार दिली आहे. पण ना पावती, ना नाव, ना गाडीचा नंबर. त्यामुळे कुणी अशी बादली घेऊन दारात आलं तर आधी माणसांचा आणि गाडीचा फोटो काढा. मध घेऊन झाला असेल तर बाटली फेकू नका, झाकण घट्ट लावून ठेवा आणि तुमच्या जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार नोंदवा.