ज्येष्ठ नागरिक संघाची बुधवारची व्याख्यानं: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

निवृत्त झालेल्या मैत्रिणी अधूनमधून विचारतात, "दर बुधवारी काय ऐकायला जातेस एवढं?" फोनवर सांगून संपत नाही, म्हणून एकदाच नीट लिहिते आहे. पुण्यात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात दर बुधवारी दुपारी साडेचारला व्याख्यान असतं. मी गेल्या जूनपासून जाते. तासभर व्याख्यान, अर्धा तास प्रश्न, मग चहा-बिस्किटं. वक्ते मानधन घेत नाहीत, त्यांना शालीऐवजी एक पुस्तक देतात. दोघांनी हॉटेलात एकदा जेवावं तेवढी वर्षाची वर्गणी आहे. पैशांचा विषय इथेच संपला.

पुण्याला व्याख्यानाचं अप्रूप नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे आणि नोकरीत असताना जमेल तेव्हा मी तिथे जाऊन बसायची. तिथली भाषणं मोठ्या माणसांची आणि श्रोतेही शेकड्यांनी. संघात आम्ही चाळीस-पन्नास जण असतो, वक्ता दोन पावलांवर उभा असतो आणि एखादं वाक्य डोक्यावरून गेलं तर हात वर करून त्याला थांबवता येतं. या वयात मला हे दुसरं जास्त मानवतं.

सगळ्यात आधी पानशेत धरण फुटलं त्यावरच्या व्याख्यानाबद्दल सांगते, कारण त्या दिवसापासून मी बुधवारी दुसरं कुठलंच काम ठेवत नाही.

जुलै महिना होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आले होते. त्यांनी फळ्यावर मातीच्या धरणाचा उभा छेद काढला. मधला चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांचा भराव, खालून पाणी सोडायचा मार्ग. दगडी धरणावरून पाणी वाहिलं तरी ते काही काळ टिकाव धरतं, मातीच्या धरणाचं तसं नसतं. माथ्यावरून एकदा पाणी जायला लागलं की माती धुपते, खाच पडते, खाचेतून आणखी पाणी जातं आणि बघता बघता भगदाड होतं. पानशेतचं काम पुरतं झालेलं नव्हतं, त्यात पावसाने धरण भरलं आणि पाणी सोडायच्या मार्गावरचा भराव खचू लागला. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं. १८७९ सालचं ते दगडी धरण पाणी डोक्यावरून घेत काही तास उभं राहिलं आणि मग तेही गेलं. त्या काही तासांनी किती माणसं वाचली असतील, हे त्यांनी फळ्याकडे बघतच सांगितलं.

इतकं होईपर्यंत ते फक्त एक चांगलं व्याख्यान होतं. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी पुण्यात कोण होतं?" आठ-दहा हात वर गेले.

दुसऱ्या रांगेतल्या एक आजी उठल्या. पूर आला तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या, घर नारायण पेठेत. त्या भिंतीपाशी गेल्या आणि टाचा उंचावून, हात वर करून म्हणाल्या, "आमच्या जिन्यात इथपर्यंत गाळ होता." मग हात खाली घेऊन, "आणि चार दिवसांनी इथपर्यंत." पाणी ओसरल्यावरही गाळ उपसायला किती दिवस लागले, धान्याची पोती कुजल्याचा वास कसा जाता जात नव्हता, आईने तांब्या-पितळेची भांडी चिखलात हात घालून चाचपून कशी शोधली, हे त्या सांगत राहिल्या. पुराने शहर बुडालं आणि दोन्ही धरणं गेल्यामुळे पुढे नळाला पाणीच नाही, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. मागच्या रांगेतले एक काका तेव्हा डेक्कनला राहायचे, त्यांनी लकडी पूल पाण्याखाली जाताना टेकडीवरून पाहिला होता. आणखी एकांचं सगळं बालपण गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेलं. अभियंते खुर्चीवर बसले, खिशातून वही काढली आणि लिहून घ्यायला लागले. मधेच आजींना विचारलं, "पाणी चढताना आवाज कसा होता?" आजी थोडं थांबून म्हणाल्या की आवाज पाण्याचा नव्हता, वाड्यांच्या भिंती बसत होत्या त्याचा होता.

त्या दिवशी चहा सात वाजता झाला आणि कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

माझं ठाम मत तिथे तयार झालं आणि पुढच्या महिन्यांनी ते पक्कंच केलं. म्हाताऱ्या माणसांना म्हातारपणाविषयी व्याख्यानं फार झाली. आम्हाला जगाविषयी सांगा. धरण कसं फुटतं, दुर्बिणीने ताऱ्यांना कसं ऐकतात, रेल्वे घाट कशी चढते हे सांगा. आणि आमच्यापाशी जे आहे तेही विचारा.

या कसोटीवर संघाचं वेळापत्रक अर्धं उतरतं. महिन्यातला निदान एक बुधवार आरोग्याचा असतो, कधी कधी दोन. साखर, गुडघे, विस्मरण, पुन्हा साखर. विषय महत्त्वाचे आहेत, पण बोलायची पद्धत अनेकदा लहान मुलांना समजवावं तशी. "आजी-आजोबा, आता या वयात असं करायचं नाही हं." समोर बसलेल्या बाईंनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं असतं. याच्या अगदी उलट उदाहरणही आहे. एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी आली होती. तिने दहा मिनिटं बोलून सगळ्यांना उठवलं, खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहायला लावलं आणि पडलोच तर जमिनीवरून कसं उठायचं ते स्वतः खाली झोपून दाखवलं. आधी कुशीवर वळायचं, मग हात आणि गुडघ्यांवर यायचं, जवळच्या खुर्चीपर्यंत रांगत जायचं, एक पाऊल पुढे टेकवून मग उठायचं. घाई करायची नाही. ते मी घरी सतरंजीवर करून पाहिलं आणि यजमानांकडूनही करून घेतलं. तिने एकदाही वयाचा उल्लेख केला नाही.

एक गोष्ट मात्र मला मुळीच पटत नाही आणि ती मी समितीला लेखी कळवली आहे. आरोग्याच्या नावाखाली दोनदा विक्रेते आले. पहिली वीस मिनिटं माहिती, मग पिशवीतून डबे निघाले आणि "आज नोंदणी केली तर सवलत." पेन्शनवर जगणाऱ्या माणसांच्या भीतीवर धंदा करायला संघाचं व्यासपीठ देऊ नये. समितीने आता वक्त्याकडून काहीही विकणार नाही असं आधी कबूल करून घ्यायचं ठरवलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

कायद्याची व्याख्यानं उपयोगी आहेत, तेवढ्यासाठी तरी जावं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. फ्लॅटला लावलेला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आणि मुलांच्या नावे घर करून द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रात आपल्याला सांभाळायची अट स्पष्ट लिहून घ्यावी, म्हणजे अट मोडल्यावर ते रद्द करून मागता येतं. हे ऐकताना सभागृहात जी शांतता होती ती दुसऱ्या कुठल्या व्याख्यानाला नव्हती. सायबर फसवणुकीचं व्याख्यान सगळीकडे होतं तसंच झालं. व्हिडिओ कॉलवर कोणी अटक करू शकत नाही आणि पैसे गेले तर लगेच १९३० या मदतक्रमांकावर फोन करायचा, हे दोन मुद्दे घरी फ्रिजवर लावून ठेवलेत.

खोडदच्या दुर्बिणीवरचं व्याख्यान असं झालं की आम्ही सगळ्यांनी मिळून तिथे जायचा हट्ट धरला. नारायणगावजवळची ही महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्यातल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना लांब पसरलेल्या. वक्त्याने तारेच्या जाळीचा एक तुकडा आणला होता, तो हातोहात फिरवला. ज्या रेडिओलहरी ही दुर्बीण टिपते त्यांची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे लहरींच्या लेखी ती जाळी म्हणजे सलग पत्राच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढा मोठा सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्चही वाचतो. शेजारच्या बाईंची बोटं संधिवाताने वाकलेली आहेत. त्यांनी ती जाळी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिली आणि पुढे द्यायचंच विसरल्या. खोडदची सहल अजून व्हायची आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे गर्दी खूप होते, म्हणून आम्ही एरवीचा दिवस परवानगी काढून ठरवतो आहोत.

आता बोलणाऱ्या सभासदांविषयी. फ्रान्समध्ये तुलूझ इथे १९७३ साली ज्येष्ठांसाठी विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले आणि पुढे १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्या कल्पनेला वेगळं रूप मिळालं. तिथे सभासदच सभासदांना शिकवतात, परीक्षा नाही, पदवी नाही. आमच्याकडे हे अजून तुरळक आहे, पण जेव्हा होतं तेव्हा बाहेरच्या वक्त्यांपेक्षा सरस होतं. इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी बोरघाटावर सांगितलं. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात हे प्रवाशांना ठाऊक असतं. उतरताना ब्रेक हाताबाहेर गेले तर गाडी बाजूच्या चढावर वळवून थांबवायला कॅच सायडिंग असतं, त्यासाठी ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल इथे काय काय पाळावं लागतं, पावसाळ्यात रात्री दरडीच्या भीतीने डोळे कसे रुळांवर खिळलेले असतात, हे कोण सांगणार? त्यांनी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. सुरुवातीला कागद थरथरत होता. डेक्कन क्वीनचा विषय निघाला तसा त्यांनी कागद खिशात घातला.

गैरसोयींपैकी सगळ्यात मोठी ऐकू येण्याची. वयाबरोबर उंच पट्टीतले आवाज आधी कमी होतात, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात आणि शब्द अर्धवट कानावर येतात. माईक मोठा केला की फक्त घुमतं. फरशी, उघड्या भिंती, वर पंखे. मी कार्यकर्त्यांच्या मागे लागून छताजवळचे स्पीकर खाली, सभागृहाच्या मध्यावर कानाच्या उंचीला आणवले. खिडक्यांना जाड पडदे लावले. बराच फरक पडला. तरी माझा सल्ला असा की पहिल्या तीन रांगांत बसा आणि वक्त्याचा चेहरा दिसेल असं बसा, कारण अर्धं आपण ओठांवरून ऐकतो.

सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. दिवाळीपर्यंत येणारे दोघे-तिघे आता येत नाहीत, जिना झेपत नाही म्हणून. ज्यांना घराबाहेर पडायची सगळ्यात जास्त गरज, तेच गळतात. तळमजल्यावरची जागा मिळत नाही तोवर निदान महिन्यातून एकदा खालच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्याख्यान घ्यावं असं मी सुचवलं आहे.

आणखी दोन गोष्टी. प्रश्न विचारणारे बहुतेक पुरुषच असायचे, बायकांचे प्रश्न चहाच्या वेळी एकमेकींत निघायचे. प्रश्न लिहायला चिठ्ठ्या फिरवायला सुरुवात झाल्यापासून हे बदललं, आता निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या बायकांच्या असतात आणि प्रश्न थेट मुद्द्याचे. दुसरी गोष्ट मला जास्त लागते. येणारे आम्ही जवळजवळ सगळे पेन्शनवाले. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशी माझ्याच वयाच्या आहेत, पण साडेचार ही त्यांच्या धंद्याची वेळ. पानशेतच्या पुरात त्यांच्या सासूबाईंची झोपडी वाहून गेली होती, हे मला त्या व्याख्यानानंतर भाजी घेताना कळलं. ती हकीकत अभियंत्यांच्या त्या वहीत यायला हवी होती. रविवारी सकाळी एखादं व्याख्यान बाजाराजवळच्या शाळेत ठेवता येईल का, हे पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे.

तुमच्या भागातल्या संघात नाव घालायचं असेल तर वर्गणी भरण्याआधी मागच्या सहा महिन्यांच्या विषयांची यादी मागा. त्यात निम्मे विषय आजारांचे असतील तर आत जाऊन तुम्हाला हवे ते विषय सुचवा, समितीतल्या लोकांना बहुधा वक्तेच मिळत नसतात. आमच्याकडे नवीन माणसाला पहिले दोन बुधवार वर्गणीशिवाय बसू देतात. येत्या बुधवारी खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांवर व्याख्यान आहे, विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली बसवलेले. साडेचारला सुरू होतं, पुढची जागा हवी असेल तर सव्वाचारला या.