1,05,300 रुपये आणि रोर्शाकची काळी-पांढरी झेरॉक्स

आकडा आधी लिहून टाकते, नाहीतर पुढे लपवावासा वाटेल. एका बोगस कोर्सपायी गेले 1,05,300 रुपये. नोंदणीचे 2,500, फीचे दोन हप्ते प्रत्येकी 38,000, ‘पोलीस इंटर्नशिप’चे 15,000 आणि ‘आरसीआय नोंदणी’चे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचे, 11,800. दुसरा हप्ता पाटल्या मोडून भरला. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

कोर्स होता गुन्हेगारी मानसशास्त्र आणि समुपदेशनाचा, ‘एम.ए. समकक्ष’. वर्षभर शनिवार-रविवार वर्ग, मग पोलीस ठाण्यात नाहीतर कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकाची नोकरी. मी मानसशास्त्रात बी.ए. केलंय. लग्नानंतर नऊ वर्षं एका दवाखान्यात केसपेपर लिहिले. मार खाऊन आलेल्या बाया ‘मोरीत घसरले’ म्हणून सांगायच्या आणि मी तसंच लिहायचे. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, म्हणून गेले. हावरटपणा नव्हता यात.

‘चौकशी नाही केलीस?’ असं आता सगळे विचारतात. केली होती! मान्यतेचं विचारलं तर संचालकांनी फाइलच पुढ्यात ठेवली. ट्रस्टची नोंदणी, आयएसओ, उद्यम प्रमाणपत्र, सगळं शिक्क्यांसकट. उद्यम नोंदणी पिठाच्या गिरणीलाही मिळते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 1956च्या कायद्यात, कलम 22 खाली, विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. ‘समकक्ष’ हा शब्द ऐकलात की कुठल्या विद्यापीठाची पदवी ते लेखी मागा.

शिवाय खोटं सगळं खऱ्यात कालवलेलं होतं. 1984मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, हे संचालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते खरंच आहे. पण त्या कक्षात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली माणसं काम करतात, हे सांगितलं नाही. कुठल्या पदासाठी काय शिक्षण लागतं ते भरतीच्या जाहिरातीत वाचा, संस्थेच्या माहितीपत्रकात नाही.

आता तो रविवार. त्या दिवशी रोर्शाक चाचणी शिकवणार होते. दहा पत्ते असतात, शाईच्या डागांचे; त्यांत काय दिसतं ते समोरच्याला विचारतात. बाईंनी सगळ्यांना झेरॉक्सचा गठ्ठा वाटला. काळी-पांढरी झेरॉक्स. त्या दहापैकी पाच पत्त्यांत रंग असतो, दोनांत लाल आणि शेवटच्या तीनांत बरेच. समोरचा माणूस त्या रंगाला काय म्हणतो यावर चाचणीतला केवढा तरी भाग उभा आहे. हे मला बी.ए.ला शिकवलं होतं, परीक्षेत मी लिहिलं होतं. आठवा पत्ता हातात धरून मी बघत बसले. करड्या रंगाचा नुसता चिखल. हात वर केला आणि खाली घेतला. शेजारची मुलगी भराभरा वही भरत होती, आणि दुसरा हप्ता चारच दिवसांपूर्वी भरला होता. वाटलं, पुढे दाखवतील खरे पत्ते. तेव्हा उठले असते तर 26,800 रुपये तरी वाचले असते. रात्री झोप लागत नाही ती त्या आठव्या पत्त्यामुळे.

कारण पुढचे 26,800 त्यानंतर गेले. इंटर्नशिप म्हणजे आम्हा 19 जणांना एका पोलीस ठाण्यासमोर उभं केलं, साहेबांना पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला. आत कोणी गेलंच नाही. आरसीआयचे 11,800 तर संचालकांच्या वैयक्तिक खात्यावर मागितले. भारतीय पुनर्वास परिषद माणसाची नोंदणी करते, तीही परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत शिकलेल्याची. मान्य संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट दिसते. आमची संस्था त्यात नव्हती. मी बघितलं पैसे भरल्यावर.

मार्चमध्ये कुलूप लागलं, फोन बंद.

ठाण्यात गेले तर हवालदार म्हणाले, ‘ताई, शिकवलं ना त्यांनी? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ तिथून आर्थिक गुन्हे शाखेत पाठवलं. ते म्हणाले रक्कम लहान आहे, ठाण्यातच जा. माझं वर्षाचं घरभाडं लहान! सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, तर ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना?’ हाच प्रश्न तीनदा. शिक्षण खात्याच्या कार्यालयात बाबूंनी सांगितलं, संस्था आमच्याकडे नोंदलेलीच नाही, मग कारवाई कशी करणार? अहो, नोंदलेली नाही हीच तर माझी तक्रार आहे! सहा महिने, अकरा खेटे, आणि हातात एक पोचपावती. मला ज्या बायांसाठी शिकायचं होतं, त्या अशाच दारातून परत जातात.

ठाण्याने गुन्हा नोंदवून घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173, पोटकलम 4 प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. हे मला वकिलाने सांगितलं, ठाण्यात नाही. फसवणुकीचं कलम न्याय संहितेत 318 आहे, अर्जात लिहाच. आणि कोणी घरबसल्या मानसशास्त्राची पदवी देत असेल तर ऐका: 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने हा विषय दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवणं बंद केलंय.

अधीक्षकांकडच्या अर्जावर 19 पैकी चौघांच्याच सह्या आहेत. बाकीचे लाजतात, मीही लाजले होते. आमच्या बॅचचं कोणी हे वाचत असेल तर पावत्या आणि ती झेरॉक्स फेकू नका, घेऊन या.