अभ्यासिकेसाठी घेतलेला महाराष्ट्राचा प्रशासकीय नकाशा

मंगरूळपीर तालुक्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेसाठी गेल्या महिन्यात महाराष्ट्राचा भिंतीवरचा प्रशासकीय नकाशा साडेचारशे रुपयांना घेतला. अक्षर ठळक असून तालुक्यांची नावे शुद्ध छापली आहेत. ट्यूबलाइटखाली मात्र लॅमिनेशन इतके चकाकते की मेळघाट पाहायचा तर मान वाकडी करावी लागते.

या नकाशाचे खरे मोल त्याच्या कोपऱ्यातील तक्त्यात आहे. १ मे १९६० रोजी राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. नंतर झालेला प्रत्येक जिल्हा मूळ जिल्ह्यासह त्यात दिला आहे. विदर्भापुरते पाहिल्यास चंद्रपुरातून गडचिरोली (२६ ऑगस्ट १९८२), अकोल्यातून वाशीम (१ जुलै १९९८) आणि भंडाऱ्यातून गोंदिया (१ मे १९९९). वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'जि. अकोला' आणि स्वतःच्या दाखल्यावर 'जि. वाशीम' असलेली मुले जातीच्या दाखल्यासाठी कागद जुळवताना गोंधळतात. त्यांना मी आता थेट या तक्त्यासमोर उभे करतो.

माझी तक्रार तक्ता जेथून सुरू होतो त्याविषयी आहे. १९६० पासून मोजल्यामुळे वाशीम हा नवा जिल्हा ठरतो. वस्तुतः इंग्रजी अमलातील वऱ्हाडात वाशीम जिल्हा होताच आणि वाशीम, मंगरूळ व पुसद हे त्याचे तालुके होते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडल्यानंतर १९०५ च्या फेररचनेत तो मोडला. पहिले दोन तालुके अकोल्यात गेले, पुसद यवतमाळात गेले, आणि त्याच झपाट्यात एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हा जिल्हाही अमरावतीत विरला. १९९८ मध्ये वाशीम परत आला, पुसद मात्र यवतमाळातच राहिले. (आमच्या सोयरिकी अजूनही पुसदकडे होतात, जिल्ह्याच्या कामाला मात्र वाशीमच गाठावे लागते.)

एवढा मजकूर छापायला जागा नव्हती असे म्हणता येणार नाही, कारण तक्त्याखालीच प्रकाशकाने स्वतःच्या इतर नकाशांची वीतभर जाहिरात दिली आहे. दुकानदार नकाशा परत घ्यायला तयार होता, पण मी ठेवून घेतला. १९०५ ची हकिकत पांढऱ्या कागदावर हाताने लिहून ती चिठ्ठी सध्या त्या जाहिरातीवर चिकटवली आहे.