फेअरबँक्सचा लांबलेला हिवाळा आणि माझे बनी बूट

दिसायला बेंगरूळ, पायात जड, आणि घालून चाललं की माणूस बदकासारखा दिसतो. तरीही यंदाच्या, म्हणजे २०१३ च्या वसंतात अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये माझे पाय जर कुणी सांभाळले असतील, तर ते या पांढऱ्या, लष्करी रबरी ‘बनी’ बुटांनी.

एरवी मेचा दुसरा आठवडा लागला की इथल्या बर्चना पालवी फुटायला लागते. यंदा मेच्या मध्यावरसुद्धा झाडं खराट्यासारखी उभी, अंगणात बर्फ तसाच, आणि वरून नवा भुरभुरतोय. दिवस मात्र अठरा तासांचा! रात्री अकराला पुस्तक वाचता येईल इतका उजेड आणि पहाटे बादलीतलं पाणी गोठलेलं. नेनाना गावाजवळ तानाना नदीच्या बर्फावर लाकडी तिकाटणं उभं करतात आणि बर्फ फुटून ते कधी हलेल यावर लोक तिकीट काढून पैज लावतात (२०१३ साली ते अडीच डॉलरचं होतं). १९१७ पासून चाललंय हे. यंदा ते हललं २० मेला, दुपारी. एवढा उशीर आजवर कधीच झाला नव्हता; १९६४ सालीही तारीख २० मेच होती, पण ते सकाळीच हललं होतं. माझे अडीच डॉलर त्याआधीच बुडाले होते.

जानेवारीतली कोरडी थंडी परवडली. तेव्हा बर्फ भुसभुशीत असतो, झटकला की गेला. वसंतात दुपारी सगळं वितळून घोट्यापर्यंत रबडा होतो आणि रात्री त्याच रबड्याचा दगड. माझे आधीचे चामड्याचे बूट चांगले महागातले होते. ते दुपारभर पाणी प्यायचे आणि सकाळी दाराशी लाकडासारखे कडक होऊन बसलेले असायचे. एका नामांकित कंपनीचे होते. नाव घेत नाही.

बनी बुटात रबराच्या दोन थरांमध्ये लोकर हवाबंद करून ठेवलेली असते. बाहेरचं पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही आणि पायाचा घामही पोचत नाही. म्हणजे लोकर कायम कोरडी. एकदा डबक्यात पाय पार वरपर्यंत गेला आणि बुटात पाणी भरलं. ओतून टाकलं, मोजा पिळला, परत घातला. थोडं चालल्यावर पाय गरम. चामड्याच्या बुटाकडून अशी अपेक्षा करूनच बघा.

कोरियाच्या युद्धात, १९५० च्या हिवाळ्यात, अमेरिकी सैनिकांचे पाय हिमदंशाने फार गेले. या जातीचे बूट त्या काळातले. आधी काळे आले, मग पांढरे. काळे उणे २० फॅरनहाइटपर्यंत चालतात, पांढरे उणे ६५ पर्यंत, म्हणजे उणे ५४ सेल्सियस. माझी जोडी लष्करी जुन्या मालाच्या दुकानातून ६० डॉलरला घेतली. त्यावर बाटाचा शिक्का आहे! हो, शाळेच्या बुटांवाली बाटाच. त्यांच्या अमेरिकेतल्या कारखान्यात हे बनायचे.

बाजूला एक छोटी झडप असते. ती हवा भरून बूट जास्त गरम करण्यासाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. विमान उंच गेलं की बाहेरचा दाब घटतो आणि आत कोंडलेली हवा फुगते, म्हणून तेव्हा ती उघडायची. जमिनीवर मात्र घट्ट बंद, नाहीतर तिथूनच पाणी लोकरीत जातं आणि मग बूट गेलाच समजा.

मी ड्राय केबिनमध्ये राहते. वीज आहे, नळ नाही, संडास बाहेर झाडीत. तिथली बैठक निळ्या फोमची असते, त्यामुळे ती बर्फासारखी चावत नाही. पण तिथवर जायचं कसं हा प्रश्न असतोच. रात्री झोपेत उठून, नाड्या न बांधता, मोज्याशिवायसुद्धा या बुटांत पाय सरकवता येतात. माझ्या लेखी निम्मी किंमत तिथेच वसूल. पाण्याचे कॅन गाडीतून घरापर्यंत ओढून आणतानाही हेच पायात.

आता तक्रारी. घाम बाहेर जात नाही, त्यामुळे संध्याकाळी मोजे ओलेचिंब निघतात; बदलायचे मोजे जवळ हवेतच. दुपारी ऊन पडलं की पाय अक्षरशः शिजतात. ओल्या बर्फावर तळवा घसरतो, वरून खिळ्यांचे पट्टे चढवावे लागतात. आणि हे घालून गाडी चालवू नका. कुठल्या पेडलवर पाय आहे तेच कळत नाही, मी गाडीत दुसरे बूट ठेवते.

जुने घेताना झडपेतून फुंकून हवा भरा आणि बूट पाण्यात दाबून धरा. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. बुडबुडे आले तर दुसरी जोडी मागा. मापात अर्धा आकडा मिळत नाही, पण आकड्यापुढे रुंदीचं अक्षर असतं, ते नीट बघा. मोजा एकच घालून मापून बघा, दोन घालून पाय आवळला तर ऊब कमीच होते. मे महिन्यात गिऱ्हाईक नसतं म्हणून दुकानदार किंमत थोडी उतरवतात म्हणे. यंदा मात्र रांग होती.