सीबीडी तेल: लेबलवरचे मिलीग्रॅम आणि अभ्यासातले मिलीग्रॅम

गांजाच्या झाडातून मिळणाऱ्या सीबीडीच्या तेलाची नेहमीची बाटली ३० मिलीची असते आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ६०० मिलीग्रॅम लिहिलेलं असतं. हा आकडा सबंध बाटलीचा आहे, एका डोसचा नाही. म्हणजे १ मिलीत २० मिलीग्रॅम. ड्रॉपरच्या तोंडाप्रमाणे १ मिलीत २० ते ३० थेंब बसतात, तेव्हा एका थेंबात साधारण दोन-तृतीयांश ते एक मिलीग्रॅम सीबीडी आलं. ‘रोज पाच थेंब’ ही लेबलवरची सूचना पाळली तर दिवसाला पोटात जातात जेमतेम तीन ते पाच मिलीग्रॅम. हा हिशोब आधी मांडला, कारण या मालाबद्दलचे (फिट्स, चिंता, दुखणं, झोप यांवर गुण येतो असे) बहुतेक दावे याच ठिकाणी गडगडतात.

सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिओल, गांजाच्या झाडातून येतं, पण नशा आणत नाही. नशा आणणारं टीएचसी मेंदूतल्या सीबी-१ या ग्राहीला (रिसेप्टरला) घट्ट बिलगतं, सीबीडीची तिथली पकड अगदीच ढिली. ते इतर बऱ्याच ठिकाणी थोडं थोडं काम करतं आणि त्यातलं नेमकं कोणतं काम कोणत्या आजारात उपयोगी पडतं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीचं व्यसन लागण्याची लक्षणं दिसत नाहीत असं सांगितलं. विक्रेते हे वाक्य ‘संपूर्ण सुरक्षित’ अशा अर्थाने छापतात. तसा त्याचा अर्थ होत नाही.

पुरावा कुठे भक्कम आहे? अपस्माराच्या काही दुर्मिळ, हट्टी प्रकारांत. ड्राव्हे सिंड्रोम असलेल्या १२० मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सीबीडी घेणाऱ्या गटात महिन्याला येणाऱ्या झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली, नुसतं प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच मात्रा) घेणाऱ्यांत १४.९ वरून १४.१. त्यानंतर जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने एपिडिओलेक्स हे सीबीडीचंच औषध मंजूर केलं. पण मात्रा बघा: त्या अभ्यासात दर किलो वजनाला रोज २० मिलीग्रॅम दिलं होतं. २० किलोच्या मुलाला ४०० मिलीग्रॅम झाले. एपिडिओलेक्सच्या १ मिलीत १०० मिलीग्रॅम असतात, म्हणून दिवसाला ४ मिलीत काम भागतं. वरच्या बाटलीतून तेवढंच द्यायचं तर रोज २० मिली तेल पाजावं लागेल आणि बाटली दीड दिवसात रिकामी. मुलाच्या फिट्ससाठी दुकानातलं तेल आणणाऱ्या पालकांनी हा गुणाकार एकदा कागदावर करावा. औषधाची मात्रासुद्धा एकदम चढवत नाहीत. किलोमागे २.५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, आठवड्याने ५ मिलीग्रॅम दोनदा, आणि पुढची वाढ डॉक्टर ठरवतात.

चिंतेबाबत चित्र अर्धवट आहे. चारचौघांसमोर भाषण करायला लावून केलेल्या छोट्या प्रयोगांत ३०० किंवा ६०० मिलीग्रॅमच्या एकाच डोसने भीती कमी झालेली दिसली. गंमत अशी की २०१९ च्या अशाच एका प्रयोगात १५०, ३०० आणि ६०० मिलीग्रॅम शेजारी ठेवून पाहिले, तर मधल्या ३०० नेच फरक पडला. ‘जास्त घेतलं की जास्त गुण’ हा नियम इथे चालत नाही. पण हे सगळे प्रयोग एका डोसचे आणि थोड्या लोकांवरचे. ३०० मिलीग्रॅम म्हणजे आपल्या बाटलीतलं १५ मिली, निम्मी बाटली एका घोटात. पाच थेंबांनी मन शांत झालं असं कुणी सांगितलं तर त्यात विश्वासाचा वाटा किती आणि तेलाचा किती, हे सांगणं अवघड आहे.

दुखण्यासाठी पैसे घालवू नयेत, हे आमचं स्पष्ट मत. हाताच्या सांध्यांच्या विकारावर १३६ रुग्णांना १२ आठवडे रोज २० ते ३० मिलीग्रॅम सीबीडी दिलं, म्हणजे वरच्या बाटलीतलं रोज एक-दीड मिली. प्लासिबोपेक्षा काहीही फरक पडला नाही. झोपेचं तेच. शिवाय झोपेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मालात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरकही मिसळलेलं असतं, तेव्हा गुण आलाच तर तो कुणाचा ते आधी लेबलवर शोधावं.

आता माल ओळखायचा कसा. पहिली चाळणी घटकांच्या यादीची. ‘हेम्प सीड ऑइल’ एवढंच लिहिलं असेल तर ते बियांचं तेल. त्यात सीबीडी नसल्यात जमा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दुसरी चाळणी प्रकाराची: ‘आयसोलेट’ म्हणजे नुसतं सीबीडी, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ म्हणजे झाडातले इतर घटक आहेत पण टीएचसी काढलेलं, ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणजे टीएचसीही थोडं आहे. हे ‘थोडं’ किती? ०.२ टक्के टीएचसी असलेल्या ३० मिली तेलाचं वजन धरा २८ ग्रॅम, त्यात टीएचसी झालं ५६ मिलीग्रॅम. रोज एक मिली घेणाऱ्याच्या पोटात रोज जवळजवळ दोन मिलीग्रॅम जातं. नोकरीत किंवा खेळात लघवीची तपासणी होणाऱ्यांनी फुल स्पेक्ट्रमकडे फिरकूच नये. वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून सीबीडीला बंदीच्या यादीतून वगळलं, टीएचसीला नाही.

तिसरी आणि खरी चाळणी म्हणजे त्रयस्थ प्रयोगशाळेचा बॅचवार अहवाल. तो उघडून एवढं पाहा. अहवालावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळतो का. संकेतस्थळावर एकच जुना अहवाल वर्षानुवर्षं टांगून ठेवणारे विक्रेते आहेत. मोजमाप मिलीग्रॅम प्रति ग्रॅममध्ये आहे की प्रति मिली? तेल पाण्याहून हलकं असल्याने दोन्ही आकडे वेगळे येतात. ग्रॅममागे २१.२ मिलीग्रॅम असेल आणि तेलाची घनता ०.९४५ असेल तर मिलीमागे २० भरतात. सीबीडीए वेगळं दाखवलंय का? ते सीबीडीचं कच्चं रूप, तापवल्यावर सीबीडी होतं आणि त्यात वजन घटतं, म्हणून एकूण सीबीडी काढताना सीबीडीएला ०.८७७ ने गुणतात. सरळ बेरीज केलेली दिसली तर आकडा फुगवलेला समजा. शिवाय कीटकनाशकं, जड धातू आणि अर्क काढताना वापरलेले द्रावक यांच्या तपासण्या हव्यात. हे झाड जमिनीतले जड धातू शोषून घेतं, म्हणून ही ओळ वगळलेला अहवाल अपुराच.

एवढी उलटतपासणी कशाला, तर २०१७ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या ८४ उत्पादनांच्या तपासणीत लेबलाशी जुळणारी फक्त ३१ टक्क्यांच्या आसपास निघाली. सुमारे ४३ टक्क्यांत लिहिल्यापेक्षा जास्त सीबीडी होतं, २६ टक्क्यांत कमी, आणि १८ नमुन्यांत टीएचसी सापडलं. तेलं त्यातल्या त्यात बरी होती, व्हेपचे द्रव सर्वांत वाईट. व्हेप तर फुप्फुसांच्या कारणानेही नकोच.

घेण्याची पद्धत. जिभेखाली मिनिट-दीड मिनिट धरायला सांगतात. धरा, पण बहुतेक भाग शेवटी गिळलाच जातो आणि गिळलेल्या सीबीडीपैकी रक्तात पोचतं फार थोडं. मोठा फरक जेवणाने पडतो. एपिडिओलेक्सच्या माहितीपत्रकानुसार स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास रक्तातली सर्वोच्च पातळी उपाशीपोटीच्या पाचपट आणि एकूण शोषण चौपट होतं. एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस भरपेट असं केलं तर मात्रा तीच राहूनही परिणाम हेलकावे खातो. रोज एकाच वेळी, सारख्याच जेवणानंतर घ्यावं. तेलाचा आधार तिळाचा असेल आणि तिळाची ॲलर्जी असेल तर बाटली तिथेच ठेवा. जुलाब होत असतील तर आधार म्हणून वापरलेलं एमसीटी तेलही (बहुधा नारळापासून काढलेलं) कारण असू शकतं.

सर्वांत गंभीर भाग दुसऱ्या औषधांचा. औषधं मोडून काढणारी यकृतातली विकरं सीबीडी अडवून धरतं. क्लोबाझाम या अपस्माराच्या औषधाचा क्रियाशील भाग त्यामुळे रक्तात तिपटीच्या आसपास चढतो आणि रुग्ण दिवसभर पेंगतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनची पातळी वाढून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) चढतो, रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. अवयव प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमसचीही पातळी वर जाते. व्हॅल्प्रोएट या अपस्माराच्या औषधाबरोबर रक्तातली यकृताची विकरं वाढतात, ही यकृताला इजा होत असल्याची खूण. ज्या औषधाबरोबर ग्रेपफ्रूट टाळायला सांगितलेलं असतं, त्याच्याबरोबर सीबीडी घेण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

यकृताचा प्रश्न आजारी माणसांपुरता नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निरोगी प्रौढांना २८ दिवस किलोमागे रोज ५ मिलीग्रॅम दिलं. सीबीडीच्या गटातल्या १५१ पैकी ८ जणांची यकृत विकरं सामान्य मर्यादेच्या तिपटीहून वर गेली. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी रोजची सूचित मर्यादा ७० मिलीग्रॅमवरून १० वर आणली ती दीर्घकाळच्या अशाच काळजीपोटी. म्हणजे पेच असा: परिणाम दिसतो तो शेकडो मिलीग्रॅमला, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घ्यायची मर्यादा दहाची. दुकानातल्या बाटलीतलं रोज मिलीभर घेतलं तर ते या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतं.

तरीही कुणाला घ्यायचंच असेल तर आयसोलेट किंवा ब्रॉड स्पेक्ट्रम, ताजा बॅच अहवाल असलेलं, गडद काचेच्या बाटलीतलं घ्यावं आणि उजेड-उष्णतेपासून दूर ठेवावं. मात्रा मोठी असेल तर सुरुवातीला एएलटी, एएसटी आणि बिलिरुबिन (रक्तातून होणाऱ्या यकृताच्या तपासण्या) तपासून ठेवावं, मग पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हात लावू नये. अपस्मारासाठी चालू असलेलं सीबीडी मनानेच एकदम बंद करू नये, झटके उलटून येतात. मात्रा डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्यावी.